वळली

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी ते पार्किंगमध्ये बसून इलेक्ट्रिक गिटारची मान, म्हणजे तारा ताणायचा लांब दांडा, तासतात. लाकूड म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातली स्वस्त पाइनची पट्टी. एक डोळा मिटून वीस पट्ट्या निरखतात, तेव्हा कुठे एक घेतात. तरी तारा ताणल्या की ती वाकते. "वळली," एवढंच म्हणतात. वळलेल्या पट्ट्या घरात कामाला येतात. त्यांच्या टॉवेलच्या दांडीवरही गिटारच्या नेमक्या खाचा आहेत.

परवा मात्र सहाही तारा ताणून मान सरळ राहिली. त्यांनी दोनदा डोळा मिटून खात्री केली.

"वाजवा की आता," मी म्हटलं.

"मला कुठं वाजवता येतं?" म्हणत त्यांनी तारा सोडल्या आणि ती सरळ मान पुन्हा तासायला घेतली.