मेश्राम काकूंच्या घराचा बंदोबस्त

माझं शिक्षण नववीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, म्हणून आधीच माफी मागतो. नागपूरच्या नंदनवनमध्ये रमेशभाऊंच्या ग्रिलच्या दुकानात मी काम करतो. खिडक्यांचे गज, गेट, सेफ्टी डोअर, सगळं बनवतो. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण ऐकता चांगलं येतं. आणि आमच्या धंद्यात किस्से लोखंडाच्या चुऱ्यासारखे जमतात. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच!

हे सगळे एकाच उन्हाळ्यातले आणि एकाच गल्लीतले.

मे महिन्यात त्या गल्लीत चोरी झाली. घरचे सगळे गच्चीवर झोपलेले आणि खाली चोरानं कपाट साफ केलं. लगेच आमच्या दुकानात रांग! रमेशभाऊ म्हणाले, "चोराचा फोटो लावला पाहिजे गा दुकानात. एवढं गिऱ्हाईक आजपर्यंत कोणी आणलं नाही!"

त्या रांगेत मेश्राम काकू होत्या. रिटायर्ड नर्स, घरात एकट्याच. मुलगा नितीनदादा पुण्याला. चोरीचं कळल्यावर दादांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "घर पक्कं करून घे. मी येऊन बघतो. मला पटलं नाही तर तुला पुण्याला घेऊन जाणार."

काकू दुकानातल्या स्टुलावर बसल्या. "रमेश, काय लावायचं ते लाव. पण मले पुण्याले नोको पाठवू."

"मी कोण पाठवणारा, काकू?"

"तू गज बारीक लावशील, तर तूच पाठवशील!"

* * *

नागपुरात घराला कितीही कुलपं लावा, कूलरची खिडकी मोकळीच असते. कूलर बाहेर स्टँडवर, त्याच्यामागे गज नाही. काकूंच्या शेजारचे वासनिक म्हणाले, आमच्या खिडकीला कूलरसकट पिंजरा करून टाका.

केला. आमचे वेल्डर शकीलभाई यांचं काम असं, की एकदा जोडलं म्हणजे जोडलं. दोन दिवसांनी कूलरचा पंप अडकला, तेव्हा कळलं की कूलरची बाजू उघडायला आम्ही जागाच ठेवली नव्हती!

वासनिकबाई घामाघूम होऊन दुकानात आल्या. "चोर नाही नेणार हे मान्य आहे. पण हवाही नाही येऊन राहिली न!"

शकीलभाई शांतपणे म्हणाले, "भाभीजी, गारंटी चोर की दी थी, हवा की नहीं."

हा किस्सा काकूंनी हसत हसत पुण्याला सांगितला. तिकडून उत्तर आलं, "मजबूत दिसतोय. आपल्याकडे पण तसाच करून घे."

आम्ही केला. पण या वेळी दार ठेवून.

* * *

समोरच्या बोरकर काकांनी गेटवर कॅमेरा बसवला. कॅमेरा आम्ही लावत नाही, पण त्याचा खांब आमचा. बोरकर काकूंच्या मोबाईलवर सगळं दिसायचं. डॉक्टरांनी काकांचं तेलकट बंद केलं होतं. रोज संध्याकाळी ते बिचारे "जरा पाय मोकळे करतो" म्हणून बाहेर जायचे.

पहिल्याच आठवड्यात बोरकर काकू ओरडत गल्लीत आल्या, "सापडला वं, चोर सापडला!"

सगळी गल्ली धावली. मीही हातातला पाना घेऊन धावलो. गेटच्या आडोशाला काका उभे. एका हातात समोसा, दुसऱ्या हातात पण समोसा!

* * *

कॅमेऱ्याचं ऐकून नितीनदादांनी मेश्राम काकूंच्याही दारावर तो बसवायला लावला. पुण्यात बसून दार दिसावं म्हणून. मी नेमका खिडकीला ड्रिल मारत होतो तेव्हा त्यांचा फोन आला. काकू फोन नेहमी स्पीकरवरच घेतात.

"आई, दारात ते बूट कोणाचे आहेत?"

बूट शकीलभाईंचे होते. जुने, दहा नंबरचे. काकूंनी स्वतः मागून घेतले होते.

"ते चोरासाठी ठेवले आहेत," काकू म्हणाल्या.

"चोरासाठी? बूट?"

"त्याले वाटलं पाहिजे न, घरात माणूस आहे म्हणून!"

तिकडून आवाज आला, "आई, तू पुण्यालाच ये."

काकूंनी फोन ठेवला. माझ्याकडे पाहून विचारलं, "काय गा सूरज, एक नंबर लहान ठेवू का?"

* * *

कोपऱ्यावरचे ठाकरे सर कुत्रं पाळायला घाबरतात. त्यांनी भुंकणारी बेल आणली. गेटला हात लागला की आतून मोठ्या कुत्र्याचा आवाज!

झालं काय, की तो आवाज ऐकून मोहल्ल्यातली सगळी खरी कुत्री त्यांच्या गेटपुढे येऊन बसू लागली. आतून एक भुंकलं की बाहेरून सगळी उत्तर द्यायची.

आम्ही गेटची कडी बसवायला गेलो, तेव्हा सर खिडकीतूनच बोलले. "रमेशभाऊ, चोर तर नाहीच आला. पण जावईही परत गेला!"

* * *

आता शेवटचा.

जून लागला आणि नितीनदादा आले. एकेक गज हातानं ओढून पाहिला. गज आम्ही त्यांच्याच सांगण्यावरून जाड, चौकोनी लावले होते. मागच्या दाराला बाहेरून आडवी पट्टी वेल्ड केली होती. सेफ्टी डोअरचं कुलूप तर असं, की आतूनही चावीशिवाय उघडत नाही.

"काम छान झालंय," ते म्हणाले. काकूंचा चेहरा फुलला.

मग त्यांनी मोबाईल काढला. "तरी आई, तू एकटीच असतेस. मला झोप लागत नाही तिकडे. उद्या संध्याकाळची दोन तिकिटं काढलीत."

काकूंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे धरला. मला म्हणाल्या, "पाणी पी बाबू, दमला असशील." मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रमेशभाऊंना फोन. "ताबडतोब या! आम्ही आत अडकलोय!"

आम्ही तिघं गेलो. सेफ्टी डोअरच्या आत नितीनदादा दोन्ही हातांनी गज धरून उभे. पायाशी बॅगा.

"चाव्या कुठं गेल्या?" रमेशभाऊंनी विचारलं.

काकू मागून म्हणाल्या, "हाच म्हणे, शेजारी देऊ नको, तिन्ही चाव्या एकाच जागी जपून ठेव. म्या इतक्या जपून ठेवल्या, की आता मलेच सापडून नाही राहिल्या!"

"आठव ना आई!"

"आठवून राहिली न बाप्पा!"

मी लोखंड कापायच्या ग्रायंडरची वायर वासनिकांच्या घरात जोडली. बटण दाबलं आणि गल्लीची लाईट गेली. शकीलभाईंनी हाताची आरी काढली आणि गज कापायला बसले.

"किती वेळ लागेल?" नितीनदादांनी विचारलं.

शकीलभाईंनी घाम पुसला. "साहब, आपने ही बोला था न, काटते काटते चोर को सुबह हो जानी चाहिए!"

बघता बघता सगळी गल्ली जमली. वासनिकबाईंनी गजांमधून एकेक आंबा आत दिला. ठाकरे सरांनी नितीनदादांच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या. बोरकर काका म्हणाले, "हा पोरगा माझ्या सायकलवर शाळेत गेला आहे!" नितीनदादा आधी घड्याळ पाहत होते, मग आंबा चोखत खाली बसले.

गाडीची वेळ झाली आणि गेली. त्यानंतर लाईट आली. मी ग्रायंडर उचलला.

"राहू द्या आता," नितीनदादा कूलरसमोर पाय पसरत म्हणाले. रस कोपरापर्यंत आला होता. "सकाळी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रायंडर घेऊन गेलो आणि बेल दाबली. काकूंनी आतून कुलूप उघडलं. "ये गा सूरज, चहा होऊन राहिला."

चावी कुलपातच होती. आतल्या खोलीत नितीनदादा फोनवर बोलत होते. "हो, एकच. नाही, आईचं नको. एकच तिकीट."

गजावर शकीलभाईंच्या आरीची खूण पडली होती. मी ती घासून काढली, वरून रंग मारला, कुलपात तेल सोडलं आणि चहा प्यायला बसलो.