दसऱ्याच्या घोडीची मारवेल

बडोद्यात ज्याच्या त्याच्या बंगल्यापुढे कार्पेट लॉन आलं, तेव्हा डभोई रोडवरच्या जयवंतरावांनी मागच्या मोकळ्या जागेत चक्क चारा लावला. घरात ना गाय ना म्हैस. भाऊबंद हसले. हसायला भाऊबंद नेहमी हजर असतात, बाकी कामाला शोधावे लागतात.

जयवंतरावांचे पूर्वज गायकवाडी पागेतले. दसऱ्याला घोड्यानं गवताला तोंड लावल्याशिवाय घरात पान वाढायचं नाही, ही त्यांची रीत. घोडा आजोबांच्या काळीच गेला आणि रीतही त्याच्या मागोमाग गेली. पुढे जयवंतराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत पत्नी पद्मा वारली. मूलबाळ नव्हतं. त्या वर्षीचा दसरा त्यांनी एकट्यानं श्रीखंडाचा डबा पुढ्यात घेऊन काढला आणि तो त्यांना फार जड गेला. पुढच्या वर्षी त्यांनी लहरीपुऱ्यातल्या नंदूची वरघोड्याची, म्हणजे लग्नाच्या वरातीची घोडी बोलावली आणि सगळ्यांना निरोप धाडले, आपली रीत पुन्हा सुरू करतोय. पोराबाळांसकट सगळे आले. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग घोडीसाठी गवतही घरचंच हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पागेतल्या घोड्यांना मारवेल घालत, हे वडिलांकडून ऐकलेलं. गुजराती शेजारी तिलाच झिंझवो म्हणत. डभोईला जाऊन रुळांच्या कडेचे ठोंब त्यांनी मुळांसकट उपटून आणले, फोडले आणि पावसाळ्यात हातभर अंतरावर लावले. घाईत पेरं काही बघितली नाहीत. भाद्रपदात तुरे आले तेव्हा कळलं, अर्धं गवत भलतंच आहे. दिसायला सख्ख्या बहिणी. पण मारवेलीच्या पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, बोट फिरवलं तर लागतं, आणि तुरा बोटं पसरल्यासारखा, जांभळट. दुसरीचं पेर सपाट गुळगुळीत. जयवंतराव गुडघे टेकून एकेक पेर चाचपत बसले आणि परकं तेवढं उपटून टाकलं. पहिल्या वर्षी विळा लावला नाही, मुळं धरू दिली. त्यानंतर कापावं तितकं फुटत गेलं, पुन्हा लावायची गरज पडली नाही.

दरवर्षी घोडी गवत खायची, पोरं तिच्यावर बसायची, मग पंगत. जयवंतराव, तुमचं कसं चाललंय, असं कुणी विचारत नसे. पण घरात माणसांचा आवाज असायचा, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी नंदू आला.

“काका, उद्या नाही जमणार. मोटारींचं नवं शोरूम उघडतंय, त्यांना आखा दिवस दारात घोडी हवी आहे. सीझनचे दिवस आहेत, समजून घ्या.”

सगळ्यांना फोन करून कळवावं म्हणून जयवंतरावांनी रिसीव्हर उचलला आणि ठेवून दिला. घोडी नाही म्हटल्यावर कोण येणार? सकाळी नेहमीसारखी मारवेल कापली, पुळा बांधला, बासुंदी केली.

मंडळी आली. “घोडी कुठाय?” मृदुलावहिनींनी दारातूनच विचारलं. त्या चुलतभाऊ गणपतरावांच्या पत्नी.

“येतेय,” जयवंतराव म्हणाले.

आता घोडी आल्याशिवाय जेवता येईना, आणि जेवल्याशिवाय उठता येईना. पोरांना चिवडा दिला. मोठी माणसं नाइलाजानं बोलू लागली. मृदुलावहिनींनी पद्माच्या हातच्या पुरणपोळीची आठवण काढली. गणपतरावांनी विचारलं, रात्री झोप लागते का, आणि उत्तर पुरं ऐकूनही घेतलं. इतक्या वर्षांत असं कुणी बसलं नव्हतं. जयवंतरावांना मनातून लाज वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता. घोडी अशीच येत राहो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात गणपतरावांचा केयूर मोटारसायकलवरून उशिरा आला. “घोडी तर शोरूमच्या दारात उभी आहे! नंदू म्हणतो, काकांना कालच सांगितलंय.”



“भाऊजी, माहीत होतं तुम्हाला?” मृदुलावहिनींनी विचारलं.

“हो.”

“मग सांगायचं नाही का? पोरं उपाशी बसलीत.”

“सांगितलं असतं तर आला असता?”

 अखेर गणपतराव उठले, पुळ्यातलं मूठभर गवत उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, “घोड्यानं खाल्लं म्हणा. पानं वाढा.”

जेवणं भराभर झाली. बासुंदीचं कौतुक प्रत्येकानं केलं, जरा जास्तच केलं. आपट्याची पानं वाटली, पोरं पाया पडली. चपला घालता घालता मृदुलावहिनी मागे वळल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट माया होती.

“पुढच्या वर्षी मात्र घोडीचं आधीच पक्कं करून ठेवा हं, भाऊजी.”

“करतो,” जयवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नंदूनं दार उघडलं तेव्हा जयवंतराव पुढच्या दसऱ्याचा विसार घेऊन बाहेर उभेच होते.