वॅट भागिले वजन

सायकलवाल्यांकडे किलोमीटर आणि किस्से आपोआप साठत जातात. किलोमीटर ॲपमध्ये राहतात, किस्से चहाच्या टपरीवर. आमचा ग्रुप निगडीचा. राइड रविवारी नाही, गुरुवारी, कारण गुरुवारी इथल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी. चाकणच्या ज्या रस्त्यावर एरवी ट्रेलरमागे ट्रेलर उभे असतात, तिथे पहाटे फक्त धुकं आणि आमच्या चेनचा आवाज. रस्ता अजून झोपलेला असतो. त्याला न उठवता आपण पुढे जायचं.

*

मला शर्यतीचं वेड. आपल्या भागाची टीम उतरली पाहिजे, आणि याच वर्षी. त्यासाठी मी सगळ्यांना गणित शिकवलं. तासभर न थांबता पेडलवर जेवढा जोर टिकतो, तो सायकलवरचा मीटर वॅटमध्ये दाखवतो; त्याला आपल्या वजनानं भागायचं. उत्तर तीनच्या आसपास आलं तर वेगवान ग्रुपमध्ये टिकता येतं. चारच्या जवळ गेलं तर शर्यतीचा विचार करायचा.

दत्ताभाऊ शांतपणे ऐकत होते. भाऊ मोशीचे, घरच्या शेतावर आता गोदामं आहेत. वजन शंभरीत. त्यांचे वॅट माझ्यापेक्षा जास्त, पण भागल्यावर उत्तर अडीच.

"भागायचं कशाला राव?" भाऊ म्हणाले. "जे हाय ते समदं लावायचं."

*

काळेवाडीचा प्रशांत हा आकडा काढायची टेस्ट द्यायला निघाला. वीस मिनिटं पूर्ण जोर लावायचा, मध्ये थांबायचं नाही; त्यावरून तासाचा अंदाज येतो. सिग्नल नको म्हणून त्यानं एका बंद कंपनीसमोरचा सरळ रस्ता निवडला आणि तिथेच येरझाऱ्या सुरू केल्या.

तिसऱ्या फेरीला वॉचमननं विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

प्रशांतला श्वास पुरत नव्हता. त्यानं नुसता हात हलवला.

टेस्ट संपली तेव्हा वॉचमन आणि त्याचा जोडीदार टॉर्च घेऊन कडेच्या गवतात शोधत होते. "सापडलं का?" वॉचमननं विचारलं.

प्रशांतनं मीटरवरचा आकडा पाहिला. "नाही. थोडक्यात राहिलं."

*

समोरून वारा असला की भाऊ पुढे. त्यांच्या पाठीमागे वारा लागतच नाही. खोलीचं दार लोटून घ्यावं तसं सगळं शांत होतं. पाय आपले आपण फिरत राहतात.

"भाऊंच्या मागे मला चक्क झोप येते," आमची निकिता म्हणते. ती आयटीत आहे, झोपेचा हिशोब तिला कळतो.

तिथे माझ्या मीटरवर आकडा एवढा खाली येतो, की मीटर बिघडलाय असं मी बरेच दिवस समजत होतो.

*

चाकणच्या पलीकडे एक चढ आहे. चढाला वारा नसतो, वजन असतं. भाऊ मागे पडतात. आम्ही वर पोचून सूर्य उगवताना बघतो. खाली धुक्यात कारखान्यांची पत्र्याची छपरं तळ्यासारखी चमकतात. भाऊ येईपर्यंत ऊन झालेलं असतं, धुकं गेलेलं असतं.

"आज काय दिसलं?" ते दर वेळी विचारतात. आम्ही सांगतो.

"पुढच्या गुरुवारी," ते म्हणतात.

*

मग मी ग्रुपवर लिहिलं : शर्यतीची तयारी करायची तर दोन ग्रुप करू. तीनच्या वरचे पुढे, बाकीचे वेगळ्या वेळी. हा गुरुवार एकत्र शेवटचा.

भाऊंनी अंगठा पाठवला.

त्या गुरुवारी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघालो. मोशीपासून समोरून वारा. भाऊ चाकणपर्यंत पुढे, एकदाही मागे वळून न पाहता.

चढ लागला. इथे प्रशांत नेहमी पुढे सुटतो. सुटला नाही. निकिता मान खाली घालून स्वतःच्या चेनकडे बघत राहिली. मी मीटरकडे पाहिलं आणि गिअर हलका केला. भाऊंचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

वर पोचलो तेव्हा सूर्य यायचा होता. भाऊंनी पाय टेकवला. छपरांचं तळं आधी राखाडी होतं, मग गुलाबी झालं. ते बघत राहिले, आम्ही सगळे बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं भाऊ माझ्याकडे वळले.

"तुमी समदे आज लई हळू आला राव. अशानं शर्यतीचं कसं व्हायचं?"