रुजू होण्याआधीच

भिंगारहून राहुरीकडच्या दूध प्लांटला मी बरीच वर्षं रोज ये-जा केली. तिथल्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. टँकर आला की नमुना घ्यायचा, दुधातलं फॅट आणि एसएनएफ म्हणजे बाकीचे घनपदार्थ मोजायचे, भेसळ तपासायची आणि टँकर आत घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. काम आवडायचं, रस्ता सोसेना. नगर-मनमाड रस्त्याचं काम कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं. चाळिशीनंतर त्या खड्ड्यांमुळे पाठ धरायला लागली. नवरा भिंगारच्याच लष्करी डेपोत सिव्हिलियन कर्मचारी, त्यामुळे घर हलवायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून सुप्याच्या एमआयडीसीत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. मुलाखत चांगली झाली. काही दिवसांनी मेलवर ऑफर लेटर आलं. पद, पगार, रुजू व्हायची तारीख, कंपनीची बस कुठून सुटते हेसुद्धा त्यात होतं. मी ‘मान्य आहे’ असं कळवलं. त्यांनी स्वागत केलं आणि जुन्या ठिकाणचा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मागवलं. मी राजीनामा दिला, नोटीसचा काळ भरला, पत्र पाठवलं. लॅबमधल्या बायकांनी नारळ आणि साडी देऊन निरोप दिला.

रुजू व्हायच्या आठवड्यात दुपारी फोन आला. मी मेथी निवडत बसले होते. कंपनीच्या एचआरमधली मुलगी होती.

“मॅडम, मॅनेजमेंटने ती जागा भरायची नाही असं ठरवलंय. तुमची ऑफर आम्ही मागे घेतोय. मेल पाठवते. काही शंका आहे का?”

मी “बरं” म्हटलं. फोन ठेवल्यावर उरलेली मेथीही निवडून टाकली.

दुसऱ्या दिवशी जुन्या प्लांटला गेले. माझ्या टेबलाशी नवी मुलगी ॲसिड मोजत होती. साहेबांनी चहा पाजला, जागा निघाली तर सांगतो म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. तिथून पुढे देवळाली प्रवराला आईकडे गेले. ती उसाला पाणी सोडून नुकतीच आली होती. मी सगळं सांगितलं, तरी तिला कळेना.

“तू व्हय म्हनलीस, त्यांनी या म्हनलं. मग आता न्हाई कसं म्हनत्यात?”

मलाही तेच विचारायचं होतं, पण कोणाला विचारावं ते कळत नव्हतं. नवरा म्हणाला, मोठ्या कंपनीशी कशाला डोकं लावतेस, दुसरीकडे बघ. कामगार कार्यालयात गेले तर तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही अजून रुजूच झाला नव्हतात, त्यामुळे इथं फारसं काही होणार नाही, वकील बघा.

नगरला कोर्टाजवळ एका वकीलबाई बसतात. त्यांनी मेल क्रमाने वाचले आणि सांगितलं, ऑफर आली, तुम्ही ती स्वीकारली, म्हणजे करार झाला. रुजू झाला नाहीत म्हणून तो खोटा ठरत नाही. मी जरा सरसावून बसले.

“पण एक लक्षात घ्या,” त्या म्हणाल्या, “खासगी कंपनीला कोर्ट सहसा ‘हिला कामावर घ्या’ असं सांगत नाही. मागता येते ती नुकसानभरपाई. तीही तुमचं खरंच झालेलं नुकसान दाखवलं तर.”

कंपनीच्या भरवशावर राजीनामा दिला, हेच माझं नुकसान. शिवाय मी हातावर हात ठेवून बसले नाही, दुसरी नोकरी शोधत राहिले, हेही दाखवावं लागणार होतं. ऑफर लेटरच्या तळाला ‘कंपनी ऑफर कधीही मागे घेऊ शकते’ असं एक वाक्य होतं. मी ते वाचलंच नव्हतं. त्यावर वाद घालता येईल, पण निकाल असाच लागेल असं सांगता येणार नाही, आणि दावा लावला तर वर्षं जातील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी कंपनीला वकिलामार्फत नोटीस पाठवायचं ठरलं.

मग नुसतं थांबणं. मी अर्ज करायचे आणि प्रत्येकाची प्रत जपून ठेवायचे. नकार आला तरी पुरावा म्हणून जपायचा. शेजारणी विचारत, अजून घरीच का? सुरुवातीला मी सगळं सांगायचे, पुढे पुढे ‘सुट्टीवर आहे’ म्हणायला लागले. कंपनीचं पहिलं उत्तर आलं की आमची काहीच जबाबदारी नाही. वकीलबाईंनी दुसरं पत्र पाठवलं. बऱ्याच दिवसांनी कंपनीकडून तडजोडीसाठी बोलावणं आलं.

ज्या अधिकाऱ्याने मुलाखत घेतली होती तोच समोर बसला होता. त्यांच्या वकिलाने सांगितलं की नोटीसच्या काळाइतका पगार देऊ, पुढे काही मागणी नाही असं लिहून द्या. वकीलबाईंनी थोडं ताणून पाहिलं, त्यांनी रक्कम थोडी वाढवली. मी सही करण्याआधी त्या अधिकाऱ्याला विचारलं, “माझ्यात काही कमी होतं का?”

“नाही हो, मॅडम. वरून आलं,” तो म्हणाला. त्याला बरं वाटत नसावं, पण त्याच्या हातातही काही नव्हतं.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, पुष्कळांना एवढंही मिळत नाही. मला ते पटलं. दावा लावून लढावं इतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्याची लाजही वाटली नाही. घरी येऊन जी झोपले ती संध्याकाळी नवऱ्याने उठवल्यावरच उठले.

आता नगरलाच एका माती-पाणी तपासणीच्या खासगी लॅबमध्ये आहे. पगार आधीपेक्षा कमी, रस्ता जवळचा. इथं नेमणुकीचं पत्र हातात आलं तेव्हा मालकांसमोर बसूनच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ते ताटकळले. मी वाचतच राहिले.