हळदीकुंकवाखालचं चिन्ह

भंगारवाल्या बबनरावांच्या टेबलावर शिशाची ती जड डबी दिसली आणि मी जागीच थबकले. आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली, आत किरणोत्सारी पदार्थाची चकती असलेली डबी. आठवडाभर मी ती शोधत होते. प्राचार्य म्हणाले होते, "मॅडम, गेली असेल जुन्या सामानाबरोबर. एवढीशी तर डबी! कशाला बोभाटा करता?"

"कागद उडू नयेत म्हणून ठेवलीय," ती धोक्याची आहे असं मी सांगितल्यावर बबनराव म्हणाले. "नात खेळते कधी कधी. धोक्याची आहे तर वर तसं लिहायचं नाही का तुम्ही शिकलेल्या लोकांनी?"

झाकण अजून घट्ट होतं, एवढंच नशीब. मी ते ओल्या रुमालाने पुसलं. हळदीकुंकवाच्या जाड थराखालून धोक्याचं काळं-पिवळं चिन्ह वर आलं. दर खंडेनवमीला आम्ही प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करतो, आणि वर्षानुवर्षं आमची बोटं नेमकी त्या चिन्हावरच टेकत आली. कसली ही भक्ती? हात जोडायला आम्हाला वेळ असतो, ज्याला हात जोडतो त्यावर काय लिहिलंय ते वाचायला नसतो.

प्राचार्यांना फोन लावायला मी मोबाइल काढला. रुमाल लालभडक झाला होता. त्यातलं बरंचसं कुंकू मीच लावलेलं होतं.