वहिनीची खरी वही

माझी परदेशातली सगळी नोकरी एका वहीवर झाली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, माझ्या वहिनीच्या अक्षरातली.

वहिनी परळच्या एका दवाखान्यात आरोग्यसेविका होती. भोईवाड्यातल्या काही चाळी तिच्याकडे होत्या. कोण गरोदर आहे, कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय, हे घरोघर फिरून बघायचं आणि रजिस्टरमध्ये भरायचं. दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला त्याच वर्षी मी पीएचडीच्या कामासाठी करी रोडला आमच्या चाळीत परत आले. गरीब देशांत सरकारी कामात कॉम्प्युटर आला की माहितीचं काय होतं, हा माझा विषय. माझं म्हणणं आधीच ठरलेलं होतं: कॉम्प्युटरमध्ये भरतात ती साहेबांना दाखवायची माहिती. खरी माहिती या बायका स्वतःपाशी ठेवत असणार.

दवाखान्यात बसून मी एकेकीला विचारायचे, "तुमची स्वतःची अशी एखादी वही असेल ना?"

"नाय बा," सगळ्या म्हणायच्या.

दोन महिने असे गेले. परतीची तारीख जवळ आली. मी घरात कुणाशी धड बोलेनाशी झाले. जेवण पुढ्यात आलं की ताट सरकवून उठायचे. आणि एका सकाळी वहिनीने ती वही माझ्या हातात ठेवली.

"ही माझी. कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

मी तिला मिठी मारली. आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठ करून उभी होती. ती वळली नाही. ते मला आता आठवतं.

वहीत काय नव्हतं! 'कोळणीची धाकटी सून. बाळ पाच महिन्यांचं, डोस नाही. सासू सोडत नाही. दुपारी सासू बाजारात जाते तेव्हा जायचं.' हा मजकूर मी माझ्या पहिल्या लेखाच्या सुरुवातीला घातला. लेख गाजला. त्यावर नोकरी मिळाली, मग प्राध्यापकी. आफ्रिकेतल्या, आग्नेय आशियातल्या दवाखान्यांत मी अशाच वह्या शोधत फिरले, माझे विद्यार्थी फिरले. काही ठिकाणी सापडल्याही. व्याख्यानाच्या शेवटी मी कोळणीच्या सुनेची नोंद आधी मराठीत वाचायचे, मग भाषांतर सांगायचे.

गेल्या वर्षी विद्यापीठाला ती वही संग्रहालयात ठेवायची होती. चाळींची नावं नीट लावून घ्यावीत म्हणून मी ती घेऊन मुंबईला आले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, दादा-वहिनी सतराव्या मजल्यावर राहतात. दादा खिडकीशी पेपर वाचत होता. वहिनीने चष्मा लावला, पानं उलटली आणि हसायला लागली.

"अगो, ही अजून ठेवलीस तू?"

"म्हणजे काय! ही सून कुठल्या चाळीतली, तेवढं सांग."

"कुठली सून? सून-बिन कोणी नव्हती. मी बसून लिहिलंय ते."

मला आधी कळलंच नाही. मग तिनेच सांगितलं, पालेभाजी निवडता निवडता. मी उपाशी उठायचे, आई रडायची. शेवटी दादा म्हणाला, हिची डिग्री अडलीय, तुला जमत असेल तर दे काहीतरी लिहून. तिने वही आणली आणि रविवारी दिवसभर बसून भरली. पुढच्या रविवारी उरलेली.

"तिला कशाला सांगतेस आता?" दादा पेपराआडून म्हणाला.

म्हणजे दादालाही माहीत होतं. आईला माहीत होतं. आई जाईपर्यंत दर फोनवर मला विचारायची, "तुझं वहीचं काम कसं चाललंय?"

"मला फसवलंत तुम्ही सगळ्यांनी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"फसवलं कसं? तुला हवं होतं ते दिलं," वहिनी म्हणाली. तिलाही राग आला होता. "तू रोज विचारायचीस, वही आहे का, वही आहे का. मी काम कसं करते, ते विचारलंस कधी? गॅलरीत उभं राहून हाक मारली की बायका सगळं सांगायच्या. डोक्यात राहायचं माझ्या. त्यात लिहायचं काय?"

मी वही घेऊन खाली आले आणि टॅक्सी मिळेपर्यंत रस्त्यावर उभी राहिले. सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, एकही खाडाखोड नाही. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. प्रबंधात त्याला मी 'शिस्त' म्हटलं होतं.

परत गेल्यावर मी विद्यापीठाला आणि लेख छापणाऱ्या नियतकालिकाला सगळं कळवलं. महिनाभर झोप नव्हती. नियतकालिकाने पुष्कळ दिवसांनी चार ओळींची दुरुस्ती छापली. संग्रहालयाचा बेत रद्द झाला. एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिने तिच्या देशात याच विषयावर दहा वर्षं घातली आहेत. "तुम्ही तेव्हा तपासलं नव्हतं का?" एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हणाले. त्यानंतर तिने फोन केलेला नाही.

या गणपतीत मी घरी गेले. जायचं नव्हतं, पण दादाचं ऑपरेशन झालं होतं. वहिनीने मोदक वाढले, माझ्या पानात तूप सोडलं आणि हळूच विचारलं, "तुझी नोकरी नाय ना गेली?"

"नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

तिच्या लेखी तिथे विषय संपला. माझा नाही संपला. मी मोदक खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं ते बदललं नाही.