नाना आणि मिनिमाइझचं बटण

ज्या माणसाचा माझ्यावर कधीच पुरता विश्वास बसला नाही, तो माणूस आज सकाळी गेला.

आमचे नाना. धाड गावच्या आठवडी बाजारात मेथी, वांगी घेऊन बसायचे. माझं ऑनलाइन सेंटर तिथून हाकेच्या अंतरावर.

सातबारा असो की नातीचा जातीचा दाखला, नाना स्टूल ओढून माझ्या खांद्याला खांदा लावून बसायचे. वाचता बेताचंच यायचं, पण नजर स्क्रीनवरून हलायची नाही.

मध्येच दुसरं गिऱ्हाईक आलं की मी नानांचा फॉर्म मिनिमाइझ करायचो.

झालं.

"काऊन बे, माहा फॉर्म कुठी गेला?"

"खाली हाये, नाना."

"खाली म्हंजे कुठी?"

"तिथंच हाये. फक्त दिसत नाही."

"हाये त मंग दिसत काऊन नाही?"

मी क्लिक करून फॉर्म वर आणायचो. नाना नाव तपासायचे, आडनाव तपासायचे. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मी त्यांची जमीन दुसऱ्याच्या नावावर केली असेल, अशा नजरेनं.

एकदा वैतागून म्हणालो, "नाना, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुही हाये. कागद माहे हायेत."

हल्ली म्हणे कम्प्युटरवाल्या लोकांत वाद चालतो, हे मिनिमाइझचं बटण ठेवायचं की काढायचं. काही सिस्टिममध्ये आता ते दिसतही नाही.

मला विचाराल तर काढून टाका. कारण सांगतो. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

नानांची नात वैष्णवी. तिचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख, आणि नेमका बाजाराचा दिवस.

बाजार भरायच्या आधीच नाना सगळे कागद घेऊन हजर. फॉर्म भरला, फोटो चढवला, सबमिट दाबलं. स्क्रीनवरचं ते चक्र फिरतच राहिलं. तिकडे मेथी उन्हात सुकत होती.

म्हटलं, "जा नाना, मी करतो."

नाना उठेनात. "करशीन ना?" दोनदा विचारलं. मग पहिल्यांदाच काम अर्धं असताना स्टूल सोडून गेले.

मी फॉर्म मिनिमाइझ केला. रांग मोठी होती. त्याच्यावर दुसरा फॉर्म उघडला, तिसरा, दहावा.

संध्याकाळी नाना आले. "झाला?"

"झाला."

मला खरंच वाटत होतं की झाला.

कम्प्युटर बंद करताना त्यानं विचारलं, काही खिडक्या उघड्या आहेत, बंद करू का? मी न बघता हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पावती काढायला बसलो तर फॉर्म अर्धवट. तारीख संपलेली.

नाना आले तेव्हा मी म्हणालो, "सर्व्हरनं घेतला नाही, नाना. कागद आदल्या दिवशी आनले असते त झालं असतं. तुमाले उशीर झाला."

त्या दिवशी त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेले.

पोरीचं वर्ष गेलं. घरात खापर नानांवर फुटलं, म्हातारा मेथीपायी फिरत राहिला म्हणून. वैष्णवी वर्षभर त्यांच्याशी धड बोलली नाही. पुढच्या वर्षी तिला अकोल्याला ॲडमिशन मिळाली, तरी घरात तो विषय निघायचाच.

नाना मात्र माझ्याकडे येत राहिले. तेच स्टूल. त्या फॉर्मबद्दल एक शब्द नाही.

आता संशय मला यायला लागला. यांना कळलंय का? कळलंय तर बोलत का नाहीत? मनात काय आहे यांच्या? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

शेवटी एकदा विचारलंच. "नाना, तुमाले माह्यावर शक हाये का?"

"हाये."

"मंग बोलत काऊन नाही?"

"म्या डोयानं पाह्यलं नाही. न पाह्यता कोनाचं नाव कसं घेऊ?"

तेव्हा तरी खरं बोलायला पाहिजे होतं. मी चहा मागवला.

आज अंगणात तिरडी बांधताना त्यांचा मुलगा कोणाला तरी सांगत होता, "आमच्या बुढ्यानं सारं चोख केलं. फक्त पोरीच्या फॉर्मातच हयगय झाली."

वैष्णवी खाली मान घालून ऐकत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. जीभ उचलली नाही. लाज वाटते लिहायला.

वैष्णवी, नाना त्या दिवशी वेळेवर आले होते. एकही कागद कमी नव्हता. फॉर्म माझ्या हातून राहिला, आणि दोष मी त्यांच्यावर ढकलला.

तुझ्या बाबांना हे वाचून दाखव. राख सावडायला येईन, तेव्हा चार लोकांसमोर तोंडानंही सांगेन. मग मला काय बोलायचं ते बोला.

नाना, तुमचा शेवटचा रामराम घ्यायची माझी लायकी नाही. तरी हात जोडतो.